बांडार कोण होणार?

मागच्या महिन्यात आपल्या अभ्यासवर्गात भांडण झालं. हातघाईवर आलं नाही, पण आवाज चढले आणि एक जण चहा न घेता उठून गेला. विषय काय, तर कॉमिक्स. मी रद्दीच्या दुकानातून इंद्रजाल कॉमिक्सचे बारा अंक किलोच्या भावानं उचलून आणले होते. वस्तीतल्या वाचनालयात पोरांसाठी ठेवावेत असा विचार. एका कार्यकर्त्यानं अंक उघडला आणि म्हणाला, "हे गोऱ्या साहेबाचं पुराण हाय. मधी गोरा राजा, भोवती काळी बुटकी माणसं. पोरांच्या हातात देऊ नका, जाळा." दुसरा म्हणाला, "तुम्हाला सगळीकडं जातच दिसती का? पोरांची करमणूक हाय ती. सोडा की." मी मधे बसलो होतो. मला दोघांचंही थोडं थोडं पटत होतं आणि पुरतं कुणाचंच पटत नव्हतं. तिथं काही बोलता आलं नाही. माझं असंच आहे. बोलायचं ते दुसऱ्या दिवशी रातपाळीत, रिंगफ्रेमवर तुटलेला धागा जोडताना सुचतं. म्हणून हे लिहितो आहे.

आधी माझा गुन्हा कबूल करतो, मग दुसऱ्यांचे काढतो.

लहानपणी आमच्या आळीत वेताळाचा एकच अंक होता. कव्हर गेलेलं, शेवटची दोन पानं नाहीत. तो आम्ही सगळ्यांनी पाळीपाळीनं वाचला आणि मग वेताळ-वेताळ खेळायला लागलो. अंक माझ्या घरातला म्हणून वेताळ मी. उरलेले चाचे. आणि आमच्यात जो सगळ्यात काळा आणि ठेंगणा पोरगा होता त्याला आम्ही बांडार केलं, म्हणजे वेताळाच्या गुहेभोवती भाले घेऊन उभा राहणारा बुटका. रोज तोच बांडार. एक दिवस तो म्हणाला, "आज मी वेताळ होतो." सगळे हसले. मी म्हणालो, "वेताळ काळा असतोय व्हय?" तो घरी निघून गेला. परत खेळायला आला नाही.

आम्ही सगळे एकाच वाड्यातले, सगळ्यांच्या घरात बाबासाहेबांचा फोटो. मग हे वाक्य मला शिकवलं कुणी? त्या अंकात ते कुठंच छापलेलं नव्हतं. तरी मी ते त्या अंकातूनच वाचलं होतं. समीक्षा समीक्षा म्हणतात ती माझ्या मते इथून सुरू होते. छापलेलं सगळ्यांनाच वाचता येतं. न छापता शिकवलेलं काय, ते शोधायचं.

*

हा वेताळ मूळचा अमेरिकेतला. ली फॉक नावाच्या लेखकानं १९३६ साली तो काढला. आपल्याकडे १९६४ पासून १९९० पर्यंत इंद्रजाल कॉमिक्समधून तो घरोघरी गेला, मराठीतही आला. गोष्ट अशी : चारशे वर्षांपूर्वी एक गोरा माणूस चाच्यांच्या हल्ल्यातून वाचून किनाऱ्याला लागतो. त्याला कोण वाचवतं? बांडार वाचवतात. ते त्याची शुश्रूषा करतात. मग पिढ्यान् पिढ्या राज्य कुणाचं? वेताळाचं. ज्यांनी जीव वाचवला ते पहारेकरी झाले आणि ज्याचा जीव वाचला तो मालक झाला. एकवीस पिढ्या झाल्या, कवटीच्या सिंहासनावर एकही बांडार बसला नाही. ही गोष्ट आपल्याला ओळखीची वाटत नाही काय?

त्याच फॉकचा मँड्रेक जादूगार १९३४ सालचा. त्याच्याबरोबर लोथार. हा लोथार म्हणे सात राष्ट्रांचा राजपुत्र, आणि राज्य सोडून कशासाठी आला, तर जादूगाराची सेवा करायला. सुरुवातीची कितीतरी वर्षं तो अंगावर बिबट्याचं कातडं घालून मोडकं इंग्रजी बोलत राहिला. पुढं १९६० च्या दशकात त्याला धड कपडे आणि धड भाषा मिळाली. ती काही वरून दया म्हणून मिळाली नाही. तिकडं काळी माणसं रस्त्यावर आली होती म्हणून मिळाली.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेतल्या चित्रांच्या पुस्तकांशी आपला काय संबंध? संबंध जुना आहे. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' कुणाला अर्पण केली ते तुम्हाला माहीत आहे : काळ्या गुलामांची बेडी तोडणाऱ्या अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. बाबासाहेबांनी १९४६ साली काळ्यांचे विचारवंत डु बॉईस यांना पत्र लिहिलं. हा धागा मी जोडत नाही. तो आधीच जोडलेला आहे.

*

अमेरिकेत कॉमिक्सचे वाचक नुसते वाचक नाहीत, भक्त आहेत. त्यांचे मेळे भरतात, त्यांची पत्रं अंकात छापून येतात, कोणत्या अंकात कोण काय म्हणालं हे त्यांना तोंडपाठ असतं. या भक्तांत कुणी म्हटलं की ह्या चित्रात वर्णद्वेष आहे, की लगेच तीन उत्तरं येतात. पन्नास वर्षं तीच तीन. एकेक तपासू.

पहिलं उत्तर : काळच तसा होता.

विल आयस्नर हा कॉमिक्समधला मोठा कलावंत. १९४० साली त्यानं 'स्पिरिट' सुरू केलं. त्यात नायकाचा काळा पोऱ्या एबनी व्हाइट. नावातच थट्टा : एबनी म्हणजे काळंकुळकुळीत लाकूड, आणि आडनाव गोरा. बटाट्यासारखे डोळे, सुजलेले ओठ. आयस्नर स्वतः ज्यू, गरीब स्थलांतरिताचा मुलगा. अपमान म्हणजे काय हे त्याला पुस्तकातून शिकायला नको होतं. तरी त्याच्या हातून ते चित्र उतरलं. पुढं विचारलं तेव्हा त्यानं काळाकडे बोट दाखवलं.

मग १९४५ सालची एक हकीकत ऐका. फॉसेट नावाच्या कंपनीचं कॅप्टन मार्वल हे कॉमिक तेव्हा लाखांनी खपत होतं. त्यात स्टीमबोट नावाचा काळा नोकर होता, एबनीच्याच साच्यातला. न्यूयॉर्कच्या एका शाळेतली पोरं त्या चित्राची मोठी प्रत घेऊन थेट संपादकाच्या कचेरीत गेली. संपादक म्हणाला, अरे आम्ही गोऱ्यांचीही थट्टा करतो की. पोरं म्हणाली, तुमच्या गोऱ्यांत नायकही आहेत आणि खलनायकही आहेत. काळा मात्र एकच आहे, आणि तो विदूषक आहे. स्टीमबोट अंकातून गेला.

शाळकरी पोरं! कुणी पीएचडी केलेली नव्हती. ती त्या कॉमिकची वाचकच होती, आणि काळ तोच होता. तेव्हा 'काळच तसा होता' म्हणणाऱ्याला विचारा, कुणाचा काळ? चित्र काढणाऱ्याचा, की ज्याचं चित्र काढलं त्याचा?

बेल्जियमच्या टिनटिनचं तसंच. 'टिनटिन काँगोत' ही गोष्ट १९३० साली सुरू झाली, काँगो तेव्हा बेल्जियमची वसाहत. पहिल्या आवृत्तीत टिनटिन काळ्या मुलांना वर्गात शिकवतो की तुमचा देश बेल्जियम. १९४६ साली रंगीत आवृत्ती काढताना चित्रकार एर्जेनं तो धडा बदलून बेरजेचं गणित घातलं. म्हणजे धडा चुकीचा होता हे त्यालाही कळलं होतं. ओठ मात्र तसेच ठेवले. २००७ साली काँगोच्या एका माणसानं ब्रुसेल्समध्ये या पुस्तकावर खटला भरला. २०१२ साली कोर्टानं बंदी नाकारली. मला विचाराल तर बंदी मीही मागितली नसती. पण तो माणूस कोर्टाची पायरी चढला म्हणून जगभर ते पान पुन्हा वाचलं गेलं, ह्याची किंमत मी कमी करणार नाही.

दुसरं उत्तर : करमणूक आहे, त्यात कशाला राजकारण?

तर मग करमणुकीचाच हिशेब मांडू. डीसी कंपनीची 'लिजन ऑफ सुपर-हीरोज' ही मालिका १९५८ पासूनची. तिसाव्या शतकातली गोष्ट. त्या टोळीत हिरव्या कातडीचा पोरगा आहे, नारिंगी आहे, निळ्या कातडीची पोरगी आहे. काळा माणूस नाही. हजार वर्षांनंतरचं जग कल्पनेनं उभं केलं, ग्रहांवर ग्रह रचले, आणि त्यात काळ्या माणसाला जागा सापडली नाही. वाचक विचारायला लागले. शेवटी १९७६ साली टायरॉक नावाचा काळा वीर आला. मग इतके दिवस काळे होते कुठं? लेखकांनी खुलासा दिला : ते मार्झल नावाच्या एका बेटावर वेगळे राहत होते, आपल्या मर्जीनं.

दोस्तांनो, हे वाचलं तेव्हा मी रातपाळीत एकटाच मोठ्यानं हसलो. तिसाव्या शतकातसुद्धा वस्ती गावाबाहेरच! आणि वर म्हणायचं, ते आपल्या मर्जीनं राहतात. मालिकेचा चित्रकार माइक ग्रेल यालाही ही कल्पना पसंत नव्हती, तसं त्यानं पुढं बोलून दाखवलं. ज्या डोक्यात उडणारी माणसं मावतात त्या डोक्यात शेजारी राहणारा काळा माणूस मावत नाही, ही काही निरागस करमणूक नव्हे.

आणि हे कॉमिक्समधल्याच एकानं आधी ओळखलं होतं. १९७० साली डेनिस ओ'नील आणि नील ॲडम्स यांनी 'ग्रीन लँटर्न'च्या अंकात एक म्हातारा काळा माणूस आणला. तो त्या वीराला विचारतो की दूरच्या ग्रहांवरच्या निळ्या, नारिंगी, जांभळ्या कातड्यांसाठी तू खूप केलंस म्हणे, मग काळ्या कातडीसाठी काय केलंस? वीर मान खाली घालतो. ते पान अमेरिकेतल्या वाचकांच्या अजून लक्षात आहे. मीही मानतो. फक्त एवढंच म्हणतो की तो म्हातारा प्रश्न विचारून निघून जातो, आणि पुढची गोष्ट पुन्हा त्या गोऱ्याच्या पश्चात्तापाची होते.

तिसरं उत्तर : मूळ पात्राशी इमान राखा.

हे सगळ्यात सभ्य आणि म्हणून सगळ्यात फसवं. २०११ साली 'थॉर' सिनेमात हेमडाल या देवाचं काम इद्रिस एल्बा या काळ्या नटानं केलं. गोऱ्यांच्या एका संघटनेनं बहिष्काराची हाक दिली. हातोडा उडतो ते पटतं, इंद्रधनुष्यावरून माणसं चालत जातात तेही पटतं, पण पुलावरचा पहारेकरी काळा पटत नाही. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मार्वलनं एका मालिकेत पीटर पार्करच्या जागी माइल्स मोरालेस हा पोरगा आणला, बाप काळा, आई पोर्तो रिकोची. झालं, ओरड सुरू. स्पायडरमॅन काळा कसा? तो तर नखशिखान्त झाकलेला असतो, बोटसुद्धा दिसत नाही. तरी कसा?

वेताळ काळा असतोय व्हय?

तेच वाक्य. समुद्रापलीकडून माझंच वाक्य मला ऐकू आलं. म्हणून त्या वाचकांना राक्षस म्हणायची माझी हिंमत होत नाही. ते वाक्य कुठून येतं हे मला आतून माहीत आहे. आपल्या आवडीच्या गोष्टीत आपण घर केलेलं असतं आणि त्या घरात कोण पाणी भरतो ते आपण बघितलेलं नसतं. कुणी दाखवलं की दाखवणाऱ्याचाच राग येतो.

मूळ पात्राशी इमानाची गोष्ट खोटी आहे हे त्याआधी आठ वर्षं सिद्ध झालं होतं. २००३ साली रॉबर्ट मोरालेस या लेखकानं आणि काइल बेकर या काळ्या चित्रकारानं 'ट्रूथ' ही सात अंकांची मालिका काढली. त्यात कॅप्टन अमेरिकेच्या औषधाचे प्रयोग आधी काळ्या सैनिकांवर होतात. ती माणसं मरतात. उरतो तो आयझाया ब्रॅडली. तो कॅप्टनचा पोशाख घालून लढायला जातो, आणि परत आल्यावर त्याला बक्षीस काय, तर तुरुंग. इथं कुणाचंही मूळ पात्र बदललेलं नव्हतं. गोरा कॅप्टन गोराच होता. तरी वाचक भडकले, आमच्या नायकाला डाग लावला म्हणाले. ही गोष्ट हवेतली नव्हती. अलाबामातल्या टस्कीगी इथं १९३२ ते १९७२, चाळीस वर्षं, गरमी झालेल्या ३९९ काळ्या माणसांना सरकारी डॉक्टरांनी औषधाविना ठेवलं होतं, रोग कसा वाढतो ते बघायला. म्हणजे त्यांचं भांडण इमानाशी नव्हतंच. डाग कुठून आला ते कुणी सांगू नये, एवढीच मागणी होती.

*

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. नाव 'जजमेंट डे'. ईसी कॉमिक्सच्या 'वीअर्ड फँटसी' अंकात १९५३ साली आली. लेखन अल फेल्डस्टीनचं, चित्रं जो ऑर्लँडोची. सगळी मिळून सात-आठ पानं.

पृथ्वीवरून टार्लटन नावाचा एक तपासनीस यंत्रमानवांच्या ग्रहावर येतो. आकाशगंगेच्या प्रजासत्ताकात या ग्रहाला घ्यायचं की नाही ते त्याला ठरवायचं आहे. तिथले रोबो दोन रंगांचे, नारिंगी आणि निळे. नारिंगी वर, निळे खाली. निळ्यांची वस्ती वेगळी, प्रवासात जागा मागची, काम हलकं. टार्लटन कारखाना बघतो. आतले पुर्जे सगळे सारखे, तारा सारख्या, फक्त शेवटचा पत्रा वेगळ्या रंगाचा आणि मग डोक्यात भरायचं शिक्षण वेगळं. तो निकाल देतो : अजून तुमची लायकी नाही. यानात बसून परत निघतो. शेवटच्या चौकटीत शिरस्त्राण काढतो. तोवर आपण त्याचा चेहरा बघितलेलाच नसतो. तो काळा माणूस असतो, कपाळावर घामाचे थेंब.

निळे खाली आणि नारिंगी वर! त्या चित्रकाराला आपल्याकडच्या झेंड्यांचे रंग कुठून माहीत असणार. पण मला क्षणभर वाटलं, ह्यानं आपल्या गावचा जत्रेचा रस्ता बघितलाय.

पुढची हकीकत गोष्टीएवढीच मोठी आहे. १९५४ साली कॉमिक्स कंपन्यांनी स्वतःवरच एक आचारसंहिता लादून घेतली, तिच्या कचेरीचा शिक्का असल्याशिवाय दुकानदार अंक ठेवेनात. ईसीनं ही गोष्ट 'इन्क्रेडिबल सायन्स फिक्शन'च्या १९५६ सालच्या अंकात पुन्हा छापायला घेतली. शिक्का मारणारे न्यायाधीश चार्ल्स मर्फी म्हणाले, हा माणूस काळा चालणार नाही. फेल्डस्टीननं सांगितलं की सगळी गोष्टच त्यावर उभी आहे. मालक बिल गेन्स चिडला. मग मर्फी म्हणाले, निदान घामाचे थेंब तरी काढा. गेन्सनं नकार दिला आणि गोष्ट होती तशी, घामासकट छापली. तो ईसीचा शेवटचा कॉमिक अंक ठरला.

घामाला हरकत का घेतली असेल, यावर मी बराच विचार केला. काळा चेहरा एक वेळ चित्र म्हणून सोडता येतो. घाम आला की तो माणूस होतो. त्याला उकडतं, तो दमतो, तो कामावरून आलेला असतो. गेन्सनं थेंब पुसले नाहीत, त्याला माझा सलाम.

पण सलाम करून थांबलो तर मी समीक्षक कसला? गोष्टीत एक उणीव आहे आणि ती आपल्याला दिसलीच पाहिजे. निकाल द्यायला बाहेरून कुणीतरी येतो. आशा आहे का, हे विचारणारा नारिंगी रोबो, आणि धीर दिला जातो तो त्याला. निळे रोबो काय करतात? उभे असतात. कारखान्यात तेच राबतात, पण एकही निळा पान्हा खाली ठेवत नाही. चांगल्या मनाच्या गोऱ्या लेखकाची मजल तिथंपर्यंतच गेली. त्यापुढचं निळ्यांनीच लिहायचं होतं.

*

निळ्यांनी लिहायचं म्हटलं की प्रश्न येतो कागदाचा.

१९४७ साली फिलाडेल्फियात ओरिन इव्हान्स या काळ्या पत्रकारानं 'ऑल-निग्रो कॉमिक्स' काढलं. लिहिणारे काळे, चित्रं काढणारे काळे. एकच अंक निघाला. दुसरा तयार होता, पण कागदवाले त्याला कागद विकेनात असं सांगितलं जातं. दोस्तांनो, स्टेन्सिल कापताना आणि रिमाचे पैसे जमवताना हे नाव आठवत जा. आपलं मासिक दोन महिने उशिरा निघतं तेव्हा ती आपली एकट्याची नामुष्की नसते.

मग १९९३ साली ड्वेन मॅकडफी, डेनिस कोवन, मायकल डेव्हिस आणि डेरेक डिंगल या चौघांनी 'माइलस्टोन' काढली. मॅकडफी आधी मार्वलमध्ये होता. तिथं काळा वीर आला की त्याच्या पायाखाली स्केटबोर्ड आलाच, ह्याचा वैताग येऊन त्यानं १९८९ साली साहेबांना एक थट्टेचा प्रस्ताव धाडला होता. थट्टा करून भागणार नाही हे कळल्यावर त्यानं दुकानच वेगळं मांडलं. वितरण डीसीकडे, पण पात्रांची मालकी आपल्याकडे. यावर काही काळ्या स्वतंत्र प्रकाशकांनीच त्यांना विकले गेलेले म्हटलं. हे भांडण मला आपल्याच घरातलं वाटतं. मोठ्या छापखान्यात जायचं की सायक्लोस्टाईलवर राहायचं, हा वाद आपण दर वर्षी घालतो.

माइलस्टोनचं 'आयकॉन' मिळालं तर जरूर वाचा. आयकॉन हा परग्रहावरून आलेला, १८३९ साली गुलामांच्या मळ्यात एका काळ्या बाईला सापडलेला. आता तो श्रीमंत वकील आहे. त्याचं मत असं की माणसानं स्वतःच्या बळावर वर यावं, मी आलोच की. त्याच्या बंगल्यात गरीब वस्तीतली पोरं चोरी करायला शिरतात. त्यातली राकेल ही पंधरा-सोळा वर्षांची पोरगी त्याची ताकद बघते आणि परत येऊन म्हणते, तुझ्याकडं एवढं आहे तर तू आमच्या वस्तीत दिसलास का नाहीस? तिच्यामुळं तो वीर होतो. ती त्याची जोडीदार रॉकेट होते, आणि कुमारी माता होते, आणि तरी गोष्टीबाहेर फेकली जात नाही.

इथं निळा रोबो बोलला. आणि बोलला तो नारिंगीशी नाही, तर स्वतःचा रंग विसरलेल्या निळ्याशी. आपल्यातले किती आयकॉन फ्लॅटचं दार लावून बसलेत ते मोजायला आकडे लागत नाहीत. त्यांच्या दारात राकेल पाठवायची आहे.

*

शेवटी आपल्या नावाची गोष्ट.

मार्वलचा ब्लॅक पँथर जुलै १९६६ च्या अंकात आला, स्टॅन ली आणि जॅक कर्बी यांचा. आफ्रिकेतल्या वाकांडा या देशाचा राजा. त्याच सालच्या ऑक्टोबरमध्ये ओकलंडला ब्लॅक पँथर पार्टी निघाली. पार्टीनं नाव कॉमिकवरून घेतलं नाही. अलाबामातल्या लाउंड्स परगण्यात काळ्या शेतमजुरांच्या मतदार संघटनेचं चिन्ह काळा पँथर होतं, ते तिथून आलं. पण पार्टीचा दबदबा वाढला तशी कंपनी बिचकली. फेब्रुवारी १९७२ च्या 'फँटॅस्टिक फोर' अंकात हा राजा एका वर्णद्वेषी राज्यात कैदेत आहे, आणि तिथं तो मित्रांना सांगतो की मी आता ब्लॅक लेपर्ड, जुन्या नावाला राजकारणाचा वास येतो. एका हातानं वर्णद्वेषावर गोष्ट लिहायची, दुसऱ्या हातानं नाव पुसायचं!

त्याच १९७२ साली मुंबईत आपल्या पोरांनी ते नाव उचललं. कंपनीला जे नाव जड झालं ते इथल्या बेकार पोरांना जड झालं नाही. कंपनीनंही पुढं थोड्याच दिवसांत जुनं नाव परत लावलं. २०१८ साली रायन कूगलर या काळ्या दिग्दर्शकाचा सिनेमा आला, त्यानं १.३ अब्ज डॉलरच्या वर धंदा केला. आपल्या पोरांनी तो शिट्ट्या मारत बघितला, मीही मारल्या. पडद्यावर काळा राजा दिसला, छाती भरून आली. पण खेळ सुटल्यावर घरी चालत येताना विचारही आला की नाव आपलं, शिट्ट्या आपल्या, आणि गल्ला कुणाचा? पडद्यावर एक काळा राजा बसला म्हणजे वर्णद्वेष संपला असं म्हणणारे तिकडं आहेत. ऑफिसात एक खुर्ची आपल्याला मिळाली म्हणजे जात गेली असं म्हणणारे इकडं आहेत.

*

तर मग जाळायचं की ठेवायचं?

जाळायचं म्हणणाऱ्या माझ्या दोस्ताला मी सांगतो : तुझा आरोप खरा आहे, पण आरोप करून काम संपत नाही. तो पानावर बोट ठेवून सिद्ध करावा लागतो, त्या शाळकरी पोरांसारखा. लेखक दुष्ट होता का चांगला, ह्या चर्चेत शिरलास की संपलास. तिकडंही तेच होतं. कुणी म्हणतं चित्र वर्णद्वेषी आहे, आणि लगेच चर्चा सुरू होते चित्रकाराचं काळीज किती दुखावलं त्याची. आपल्याकडं 'आम्ही जात मानत नाही' हे वाक्य याच कामाला येतं. आपल्याला काळजाशी कर्तव्य नाही. चौकटीत कोण उभा आहे, कोण बसलाय, कोण बोलतोय, एवढं बघ.

आणि सोडा की म्हणणाऱ्या दोस्ताला : आपल्याच अमर चित्र कथेचे जुने अंक काढ. १९६७ पासून घराघरात गेलेत. देव गोरेपान आणि असुर काळे, हे रंग कुणी ठरवले? त्याच मालिकेत १९७९ साली बाबासाहेबांवर अंक निघाला, चित्रं दिलीप कदमांची. त्याचा आनंद मानू. पण शेजारच्या अंकातला असुर त्यामुळं गोरा झाला नाही. त्यापेक्षा २०११ चं 'भीमायन' बघ. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी बाबासाहेबांची गोष्ट चौकटीच मोडून काढली. पाणी, मासे, झाडं सगळी गोष्टीत आली. दुसऱ्याच्या चौकटीत आपला माणूस कोंबण्यापेक्षा ते मोलाचं आहे.

मी ते बारा अंक वाचनालयात ठेवले आहेत. प्रत्येकाच्या पहिल्या पानावर पेन्सिलीनं एक ओळ लिहिली आहे : ह्यात तू कोण? बस. पोरं त्याखाली आपापलं उत्तर लिहितात. आठवीतल्या एका पोरीनं लिहिलं, "मी गुहा बांधणारी." वेताळाची गुहा कुणी साफ केली असेल हा विचार मला उभ्या जन्मात सुचला नव्हता.

तो बांडार झालेला पोरगा आता सायझिंगमध्ये कामाला आहे. वाफेत उभं राहून बारा बारा तास. गेल्या रविवारी त्याला गाठलं. माफीबिफी मागायला जमलं नाही, विषयच निघाला नाही. चहा घेतला. मग फोनवर 'जजमेंट डे'चं शेवटचं पान काढून त्याच्यापुढं धरलं, गोष्ट थोडक्यात सांगितली. त्यानं ते चित्र बोटांनी मोठं केलं, बराच वेळ बघितलं.

म्हणाला, "घाम बरोबर काढलाय."

जय भीम.